धानाच्या पट्ट्यातले आजार आणि प्रकाशाची चिप

हत्तीरोगाचा जंतू दिवसा हाती लागत नाही. वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी नावाच्या कृमीची सूक्ष्म पिल्ले दिवसभर फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात. क्युलेक्स डास चावायला निघतो त्या सुमाराला, म्हणजे रात्री, ती कातडीजवळच्या रक्तात उतरतात. म्हणून गोंदिया जिल्ह्यासारख्या हत्तीरोगाच्या भागात वर्षानुवर्षे आरोग्य कर्मचारी रात्री नऊनंतर गावात शिरत आले. झोपलेल्या माणसाला उठवायचे, बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा जाडसर लेप घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. दवनीवाड्यासारख्या धानाच्या गावात रोवणीचे दिवस असले की माणसे दिवसभर बांध्यांत वाकून काम करतात आणि अंधार पडताच आडवी होतात. अशा वेळी त्यांना उठवून रक्त मागणे किती अवघड असते, हे ते काम केलेल्यांनाच ठाऊक.

मग एक पट्टी आली. तिला ७५ मायक्रोलिटर रक्त पुरते, दहा मिनिटांत निकाल मिळतो आणि रक्त भर दुपारी घेतले तरी चालते. कारण ही पट्टी पिल्ले शोधतच नाही. शरीरात ठाण मांडून बसलेल्या मोठ्या कृमीतून रक्तात पाझरणारे प्रथिन ती शोधते आणि ते रक्तात रात्रंदिवस असते. प्रथिन सापडले की पट्टीवर लालसर रेघ उमटते. हा लाल रंग सोन्याचा असतो. काही दशांश मायक्रोमीटरहूनही बारीक असे सोन्याचे कण प्रतिपिंडांना चिकटवलेले असतात, ते रेघेवर अडकून गोळा होतात आणि डोळ्याला दिसतात.

प्रकाशावर चालणारा जैवसंवेदक, म्हणजे ऑप्टिकल बायोसेन्सर, हा असा गावात केव्हाच पोचलेला आहे. मलेरियाची आशाताईंच्या पिशवीतली पट्टी त्याच जातीची. २०२०-२१ मध्ये गावोगाव पोचलेला पल्स ऑक्सिमीटर तोही प्रकाशाचाच. लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांचे शोषण तोलून तो रक्तातला ऑक्सिजन सांगतो. या साधनांच्या पुढची पायरी म्हणजे प्रकाशाच्या चिपा. सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेल्या, केसाहून बारीक वाटांतून प्रकाश फिरवून रक्ताच्या थेंबातला एखादाच विशिष्ट रेणू हेरायचा, या कामात जगभरच्या प्रयोगशाळा तीसेक वर्षे गुंतल्या आहेत. संवेदनशीलतेचे नवे उच्चांक दर वर्षी छापून येतात. तरीही दवनीवाड्याच्या वाटेवर अशी एकही चिप दिसत नाही. तिला कशाने अडवले आहे, हे समजून घ्यायचे तर आधी ती चालते कशी ते पाहावे लागेल.

मूळ कल्पना सोपी आहे. काचेच्या किंवा सिलिकॉनच्या बारीक वाटेतून प्रकाश जातो तेव्हा तो पूर्णपणे आत कोंडलेला नसतो. त्याचा थोडा भाग वाटेच्या पृष्ठभागाबाहेर, साधारण शंभर-दोनशे नॅनोमीटरपर्यंत, पसरलेला असतो आणि पुढे झपाट्याने विरतो. प्रतिपिंडाचा रेणू सुमारे दहा नॅनोमीटरचा. पृष्ठभागावर प्रतिपिंडे बसवली आणि त्यांनी रक्तातला हवा तो रेणू पकडला, तर बाहेर डोकावणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत थोडे अधिक द्रव्य येते. प्रकाशाचा वेग तिथे किंचित बदलतो. हा किंचित बदल मोजायचा, एवढेच या शास्त्राचे काम आहे. रेणूला रंग लावायचा नाही, चकाकणारे लेबल चिकटवायचे नाही. तो येऊन बसला की प्रकाशाला कळते.

हे मोजण्याची पहिली यशस्वी रीत धातूच्या पातळ थरातून आली. काचेवर सोन्याचा सुमारे ५० नॅनोमीटरचा थर दिला आणि विशिष्ट कोनातून प्रकाश टाकला, तर सोन्यातले इलेक्ट्रॉन एका तालात डोलू लागतात आणि त्या कोनातला परावर्तित प्रकाश गडप होतो. १९६८ साली ऑटो यांनी आणि स्वतंत्रपणे क्रेचमन व रेथर यांनी हे घडवून आणण्याच्या रीती मांडल्या. १९८३ मध्ये स्वीडनमधल्या लिंशोपिंगच्या लीडबर्ग, नायलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी त्यावरून वायू आणि जैविक रेणू ओळखता येतात हे दाखवले. १९९० मध्ये उप्सालाच्या एका कंपनीने ‘बायाकोर’ हे यंत्र बाजारात आणले. आज जगातल्या बहुतेक मोठ्या औषध कंपन्यांत नवे औषध आपल्या लक्ष्याला किती घट्ट चिकटते हे या जातीच्या यंत्रांवर तपासतात. यंत्र मोठे आहे, महाग आहे, त्याला वातानुकूलित खोली आणि शिकलेला हात लागतो. म्हणजे हे तंत्र औषधांच्या संशोधनात खोलवर रुजले, पण रोग्याच्या खाटेपर्यंत आले नाही.

सोन्याच्या कणांची गोष्ट मात्र महाराष्ट्राला जवळची आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने बुरशी आणि वनस्पतींच्या अर्कांतून सोन्या-चांदीचे नॅनोकण तयार करण्याचे बरेच काम केले. गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी, पापुद्र्यासारखे कण बनवण्यावरचा त्यांचा लेख २००४ मध्ये ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये आला. कणाचा आकार बदलला की तो कोणत्या रंगाचा प्रकाश शोषतो ते बदलते. गोल आणि वीस-तीस नॅनोमीटरचा कण हिरवट प्रकाश शोषून लाल दिसतो, तर चपटा त्रिकोणी कण अवरक्त प्रकाश शोषतो. संवेदक घडवणाऱ्याला ही मुभा फार मोलाची असते, कारण रक्तातले हिमोग्लोबिनही दृश्य प्रकाश शोषते आणि त्याच्या पसाऱ्यातून आपला संकेत वेगळा काढायचा असतो.

मुंबईच्या पवईत वेगळीच वाट धरली गेली. आयआयटी मुंबईत सौम्यो मुखर्जी आणि तपनेंदु कुंडू यांच्याबरोबर व्ही. व्ही. आर. साई यांनी प्रकाशतंतूचा एक तुकडा इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवला, त्यावरचे आवरण काढले आणि त्यावर सोन्याचे नॅनोकण बसवले. तंतू वाकवला की प्रकाश बाहेरच्या कडेला दाबला जातो आणि पृष्ठभागाबाहेर जास्त डोकावतो. त्यामुळे साध्या, सरळ तंतूपेक्षा तो कितीतरी अधिक संवेदनशील होतो. २००९ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. या रचनेला लेझर लागत नाही, महागडा वर्णपटमापक लागत नाही. एका टोकाला एलईडी, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा साधा डायोड आणि मधे रक्तद्रवात बुडवलेला तंतूचा वाक. साई पुढे आयआयटी मद्रासला गेले आणि तिथे त्यांच्या गटाने ही कल्पना वाढवत नेली. सोन्याचे कण पकडलेल्या रेणूंवर नंतर चिकटवून संकेत मोठा करण्याची त्यांची रीत पी-फॅब नावाने ओळखली जाते, आणि २०२० मध्ये कोरोना विषाणूच्या एन-प्रथिनासाठी ती वापरण्याचा प्रस्तावही मांडला गेला. गावातल्या केंद्राच्या दृष्टीने पाहिले तर भारतात झालेल्या सगळ्या प्रयत्नांत हा तंतूचा मार्ग अधिक आशेचा वाटतो. त्याचे मुख्य कारण म्हणजे त्याचा साधेपणा. उच्चांक तिथे दुय्यम आहे.

चिपांच्या जगातले खरे लाडके अपत्य मात्र रिंग. तिचे तत्त्व समजायला विजापूरच्या गोलघुमटापेक्षा चांगली जागा नाही. १६५६ साली पूर्ण झालेल्या त्या घुमटाच्या सज्जात एका बाजूला कुजबुजले तर पलीकडच्या टोकाला स्पष्ट ऐकू येते, कारण आवाज भिंतीला लगटून फिरत राहतो. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये लॉर्ड रॅले यांनी याचा विचार केला, आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१-२२ च्या सुमारास अशा कुजबुजत्या सज्जांवर लेख लिहिले. रामन यांचा नागपूरशी संबंध कमी लोकांना माहीत असतो: १९१० मध्ये ते अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते. प्रकाशही असाच गोल फिरवता येतो. सिलिकॉनची दहा-वीस मायक्रोमीटर व्यासाची रिंग घेतली आणि शेजारच्या सरळ वाटेने प्रकाश आणला, तर ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश रिंगमध्ये शिरून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीत त्याला पृष्ठभागावर बसलेल्या रेणूंची गाठ पडते. एका फेरीत जो बदल नगण्य, तो अनेक फेऱ्यांत मोजण्याजोगा होतो आणि रिंगचा सूर, म्हणजे ती स्वीकारते ती तरंगलांबी, सरकतो.

२००२ मध्ये फ्रँक फोल्मर, स्टीफन आर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी काचेच्या सूक्ष्म गोलात फिरणाऱ्या प्रकाशाने प्रथिन ओळखले. २००८ मध्ये त्यांनी इन्फ्लुएंझा ए चा एकेक विषाणू गोलावर येऊन बसताना मोजला. एक विषाणू, एक उडी. संवेदनशीलतेचा यापेक्षा सुंदर पुरावा क्वचितच दिसला असेल.

रिंगची चिप कारखान्यात निघावी म्हणून बेल्जियममधल्या गेन्टच्या गटाने २००७ मध्ये जे केले त्याकडे बारकाईने पाहणे उपयोगाचे आहे, कारण यश आणि अडचण दोन्ही तिथे एकत्र दिसतात. काटरीन द फोस आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या सूक्ष्म रिंगने ॲव्हिडिन हे अंड्याच्या पांढऱ्यातले प्रथिन मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमपर्यंत ओळखले. पृष्ठभागावर बायोटिन बसवलेले होते. बायोटिन आणि ॲव्हिडिन निसर्गातल्या सर्वांत घट्ट जोड्यांपैकी एक आणि द्रावणात त्यांच्याशिवाय दुसरे फारसे काही नव्हते. आता हृदयविकाराच्या ट्रोपोनिनकडे या. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात ट्रोपोनिन-टी लिटरला १४ नॅनोग्रॅमच्या खाली असते. त्यावर गेले की डॉक्टर सावध होतात. गेन्टची मर्यादा लिटरच्या हिशेबात १०,००० नॅनोग्रॅम. म्हणजे सातशे पट कमी मात्रा ओळखायची आहे. आणि त्याच लिटरभर रक्तद्रवात अल्ब्युमिन असते सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे ट्रोपोनिनच्या वजनाच्या जवळजवळ ३०० कोटी पट. त्यातला लाखातला एक रेणू जरी चुकीच्या जागी चिकटला, तरी खरा संकेत बुडतो.

म्हणून या क्षेत्रातली सर्वांत कसोटीची गोष्ट प्रकाशाची नसून पृष्ठभागाच्या रसायनाची आहे. पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारख्या, पाण्याने भिजून फुगणाऱ्या थरांनी चिप झाकायची, म्हणजे नको ती प्रथिने तिच्यावर बसत नाहीत. त्यात प्रतिपिंडे अशी रोवायची की त्यांची पकडणारी टोके बाहेर राहतील. ती कोरडी करून, डबीत बंद करून, महिनोन्‌महिने टिकवायची. प्रकाशशास्त्राचे निकाल ‘नेचर’च्या मुखपृष्ठावर येतात, ही चिकट, कंटाळवाणी वाटणारी कामगिरी क्वचितच तिथे पोचते. पण चिप गावात टिकेल की नाही हे तीच ठरवते.

दुसरी अडचण वेळेची. २००५ मध्ये अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतल्या शीहान आणि व्हिटमन यांनी हिशेब मांडला की अतिविरल द्रावणात सूक्ष्म संवेदकापर्यंत रेणू पोचायलाच कधी तास, कधी दिवस लागतात. फेम्टोमोलर मात्रा म्हणजे दहा मायक्रोलिटरच्या थेंबात सुमारे ६,००० रेणू. ते थेंबभर इकडेतिकडे फिरत असतात आणि संवेदक असतो काही मायक्रोमीटरचा. संवेदक कितीही तल्लख असो, रेणू त्याच्याजवळ आलाच नाही तर तो काय ओळखणार? म्हणून द्रव वाहता ठेवावा लागतो, चुंबकीय कणांनी रेणू गोळा करून आणावे लागतात किंवा आधी त्यांची संख्या वाढवावी लागते. छोट्या चिपेला मोठा सरंजाम जोडला जातो तो इथे.

तिसरी अडचण गोंदियाच्या मे महिन्याइतकी उघड आहे. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात प्रकाश किती मंदावतो ते माप, तापमान एका अंशाने वाढले की सुमारे एक दशसहस्रांशाने घटतो. उत्तम रिंग-चिपा दशलक्षांशाइतका बदल मोजतात. म्हणजे थेंबाचे तापमान एका अंशाच्या शंभराव्या भागाने हलले तरी चिपेला वाटते, रेणू आला. सिलिकॉन स्वतः पाण्याहून जास्त तापमान-हळवा असतो. इलाज माहीत आहेत: शेजारी दुसरी, प्रतिपिंडे नसलेली रिंग ठेवायची आणि दोघींच्या सुरांतला फरक तेवढा घ्यायचा. हे प्रयोगशाळेत उत्तम जमते. जिथे पारा ४५ अंशांकडे जातो आणि वीज जाऊन-येऊन असते, तिथे ते जमवणे म्हणजे स्वतंत्र अभियांत्रिकी, आणि तिच्यासाठी पैसा व माणसे लावायला फार थोडे लोक तयार असतात.

इतक्या अडचणी एका बाजूला ठेवून एक साधा प्रश्न विचारला पाहिजे, जो संशोधनाच्या लेखांत फारसा विचारला जात नाही. या भागातल्या कोणत्या आजाराला किती संवेदनशीलता हवी आहे?

सिकलसेल घ्या. पूर्व विदर्भातल्या कित्येक घरांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वाहक आणि पीडित हे शब्द लग्नाच्या बोलण्यांपर्यंत पोचले आहेत. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेल गुणाबद्दल लिहिले. त्याआधी १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी याला रेणूचा आजार ठरवले होते. या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, जनुकात एका अक्षराचा फरक असतो. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी राज्यातल्या आदिवासी समाजांत दशकानुदशके याचे सर्वेक्षण केले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवून.

इथे उच्चांकी संवेदनशीलतेची गरजच नाही. वाहकाच्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन एकूण हिमोग्लोबिनच्या साधारण ३० ते ४० टक्के असते. रेणू कमी पडत नाहीत. गरज आहे ती वाहक आणि पीडित यांत चूक न करण्याची. शाळांत आणि शिबिरांत होणारी सोल्युबिलिटी चाचणी दोघांनाही ‘पॉझिटिव्ह’ म्हणते. नक्की काय ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने कळते. नवजात बाळात तर सोल्युबिलिटी चाचणी उपयोगाची नाही, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असते. बाळाचे निदान पहिल्याच आठवड्यात झाले तर पेनिसिलीन आणि लसी वेळेवर देता येतात. तेव्हा प्रकाशाच्या साधनाची इथे खरी कसोटी आहे ती नवजाताच्या टाचेतल्या थेंबावर. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत साई शिव गोर्थी यांच्या गटाने रक्ताच्या प्रकाशशोषणावरून सिकलसेल ओळखणारे छोटे उपकरण विकसित केले आहे. दिल्लीच्या आयजीआयबीत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांनी एका अक्षराचा फरक ओळखणारे क्रिस्परचे तंत्र उभे केले, आणि ते सिकलसेलसाठी वापरून पाहिले. २०२० मध्ये तेच ‘फेलुदा’ नावाने कोरोनासाठी कागदी पट्टीवर आले. सिकलसेलसाठी केलेल्या मेहनतीचा उपयोग महासाथीत झाला, हे विदर्भाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सापाचा दंश हा दुसरा प्रश्न. धानाच्या बांध्यांत, उंदरांमागे, नाग येतो. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावतो आणि कित्येकदा दंशाची खूणही सापडत नाही. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर एकत्रित चालते, त्यामुळे साप कोणता हे न कळताही उपचार सुरू होतो. पण विष अंगात उतरले आहे का आणि उपचारानंतर ते कमी होते आहे का, हे डॉक्टरला लक्षणांवरूनच ताडावे लागते. दंशानंतर रक्तातले विष बहुधा मिलिलिटरला नॅनोग्रॅमच्या घरात असते, म्हणजे वर सांगितलेल्या ट्रोपोनिनच्या कितीतरी वर. पवईचा वाकवलेला तंतू तेवढे ओळखू शकेल. ऑस्ट्रेलियात विष ओळखणारे किट कित्येक दशके रुग्णालयांत वापरले गेले आहे. आपल्या चार सापांसाठी, पंधरा मिनिटांत सांगणारा तंतू बनवायला भौतिकशास्त्रातला कोणताही शोध बाकी नाही. तरी असा तंतू अजून रोग्याच्या खाटेपर्यंत आलेला नाही, आणि तेच खटकते.

पण स्क्रब टायफसला मात्र खरोखर तल्लख चिप हवी. ऑगस्ट २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या विदर्भात या तापाची साथ आली तेव्हा पुष्कळांनी त्याचे नाव पहिल्यांदा ऐकले. गवत-झुडपांतल्या सूक्ष्म माइटची अळी चावते आणि ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी हा जिवाणू शरीरात शिरतो. डॉक्सिसायक्लिन ही स्वस्त गोळी वेळेवर मिळाली तर बहुतेक रुग्ण दोन दिवसांत उतरणीला लागतात. उशीर झाला तर आजार फुफ्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांपर्यंत जातो. निदानाची नेहमीची चाचणी शरीरात तयार झालेल्या आयजीएम प्रतिपिंडांवर अवलंबून असते आणि ती पहिल्या पाच-सात दिवसांत बऱ्याचदा हात वर करते. त्या दिवसांत रक्तात जिवाणूचे द्रव्य फारच थोडे असते. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ते ओळखायचे असेल, तर फोल्मर यांचे गोल, गेन्टच्या रिंगा आणि पी-फॅबचे संकेत मोठे करण्याचे तंत्र यांना इथे रास्त काम आहे. मलेरियाच्या बाबतीतही तसेच. नेहमीची पट्टी मायक्रोलिटरला शंभर-दोनशे परजीवी असले तर बोलते; लक्षणे नसलेल्या, पण डासांना मलेरिया पुरवणाऱ्या माणसात त्याहून कमी असतात. शिवाय पट्टी शोधते ते एचआरपी-२ प्रथिन रोग बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते, आणि काही देशांत ते जनुकच गमावलेले परजीवी सापडले आहेत. म्हणजे एकाच चिपेवर तीन-चार वेगवेगळी प्रथिने एकदम बघणे जरुरीचे ठरते, आणि रिंगांची चिप इथे उजवी पडते: नखाएवढ्या जागेत डझनावारी रिंगा बसतात, प्रत्येकीवर वेगळे प्रतिपिंड.

हत्तीरोगाचा भाग पुन्हा वेगळा. देशाने २०२७ पर्यंत निर्मूलनाचे लक्ष्य ठेवले आहे, गोळ्या वाटल्या जात आहेत आणि रोग कमी होत जाईल तसतशी चाचणीची चूक महाग पडत जाते. गोळ्यांचा परिणाम तपासण्यासाठी सहा-सात वर्षांच्या मुलांचे रक्त घेतात. समजा हजार मुलांत एकालाच संसर्ग आहे आणि चाचणी शंभर निरोगी मुलांतल्या दोघांना चुकून बाधित ठरवते. मग त्या हजारांत एक खरा आणि सुमारे वीस खोटे निकाल हाती येतील. संवेदनशीलता आणखी दसपट केल्याने हे वीस कमी होणार नाहीत. त्याला नेमकेपणा लागतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बी. सी. हरिनाथ यांनी हत्तीरोगाच्या प्रतिजनांवर आणि प्रतिपिंडांवर अनेक वर्षे जे काम उभे केले, त्याची किंमत इथे कळते. कोणता रेणू पकडायचा हे नीट ठाऊक असल्याखेरीज चिपेला नेमकेपणा येत नाही.

प्रकाशाच्या वाटा कोरायच्या कुठे, हा प्रश्न पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. सिलिकॉनच्या प्रकाश-चिपा आता दळणवळणासाठी जगभर तयार होतात आणि त्याच कारखान्यांत अनेक संशोधकांच्या रचना एकाच चकतीवर वाटून छापून घेता येतात. त्या बहुतेक १५५० नॅनोमीटरवर चालतात आणि तिथे पाणी प्रकाश शोषते. म्हणून जैविक कामासाठी सिलिकॉन नायट्राइड आणि ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश अधिक सोयीचा पडतो. बंगळुरूत शंकर कुमार सेल्वराजा आणि आयआयटी मद्रासमध्ये बिजॉय कृष्ण दास यांचे गट सिलिकॉनवरच्या प्रकाशवाटांवर काम करतात. मुंबई आणि बंगळुरूच्या नॅनो-निर्मितीच्या सुविधा इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅममधून बाहेरच्या महाविद्यालयांतल्या संशोधकांनाही खुल्या झाल्या. वैद्यकीय साधने घडवण्यासाठी आयआयटी मुंबईच्या बेटिक केंद्राची एक शाखा नागपूरच्या व्हीएनआयटीत आहे. तुकडे विखुरलेले आहेत, पण आहेत.

प्रयोगशाळा आणि गाव यांच्या मधल्या टप्प्यावर काय अडते याचा एक धडा मुंबईच्या बायोसेन्स कंपनीने दिला. तिच्या ‘यूचेक’ ॲपने फोनच्या कॅमेऱ्यातून लघवीच्या चाचणीपट्टीचे रंग वाचायला सुरुवात केली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने विचारणा केली: पट्ट्यांना मान्यता आहे ती डोळ्याने वाचण्यासाठी; फोन आणि पट्टी मिळून एक नवे साधन होते, त्याची मान्यता कुठे? भारतातही आता वैद्यकीय उपकरणांचे नियम लागू आहेत आणि ते रास्त आहेत. चिप बनवणाऱ्याने पहिल्या दिवसापासून वाचक-यंत्र, पृष्ठभागाचे रसायन, डबी, साठवणुकीचे तापमान आणि चाचणी करणाऱ्याचे प्रशिक्षण यांचा एकत्र विचार करायला हवा. एकटी चिप मान्यतेला पुरत नाही, आणि ती रोग्याच्याही कामी येत नाही.

नव्या साधनाला जुन्या, खात्रीच्या निदानाशी ताडून पाहायला नमुने लागतात. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सिकलसेलचे, हिवतापाचे, सर्पदंशाचे रुग्ण तिथे येतातच. त्यांच्या संमतीने आणि नैतिक समितीच्या परवानगीने घेतलेले, एचपीएलसी किंवा पीसीआरने खातरी केलेले आणि नीट गोठवून ठेवलेले नमुने मिळाले, तर पवई किंवा चेन्नईतल्या तंतूला, बंगळुरूच्या रिंगेला इथल्या रक्तावर पारखता येईल. तंतूच्या कामाला तर महागडी स्वच्छ-खोलीही लागत नाही. तंतू ज्योतीवर तापवून वाकवता येतो, आणि सोन्याचे कण १९५१ मध्ये टर्केविच यांनी सांगितलेल्या सायट्रेटच्या रीतीने, उकळत्या पाण्यात, साध्या चंचुपात्रात बनतात. गोंदियाच्या धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयासारख्या ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रकल्पात हे बसते. मण्यारीच्या आणि नागाच्या विषाविरुद्धची प्रतिपिंडे प्रतिविष बनवणाऱ्यांकडे असतात; ती मिळवून तंतूवर बसवणे, आणि ४० अंशांच्या खोलीत महिनाभर ठेवून मग रक्तद्रवात तपासणे, हा पहिला प्रयोग असू शकतो.